सोलापुरातली लिंगायत खानावळ: साडेतीन महिने दोन्ही वेळ जेवून लिहितेय

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर एका खानावळीवर एवढं मोठं का लिहिलंय ते कळणार नाही. मी मूळची चिपळूणची, काम यूएक्स रायटिंगचं, म्हणजे ॲपमधल्या बटणांवरचा, मेसेजमधला मजकूर लिहिते, क्लायंट जर्मनीतला. गेली तीन वर्षं एका ठिकाणी राहत नाही, थायलंडचं चियांग माई झालं, व्हिएतनामचं दा नांग झालं, मधे घरी, आणि मागच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोलापूर. सोलापूर का असं सगळ्यांनी विचारलं, तर एक म्हणजे थंडीत तिथली हवा फार छान असते (एप्रिल-मेमधे जायचं नाव काढू नका, पारा 42 च्या वर जातो), दुसरं भाडं परवडतं, तिसरं कॉलेजातली एक मैत्रीण तिथली. आणि खरं सांगते, दा नांगहून आल्यावर जरा थकवा आला होता, वाटलं आता काही महिने आपल्या भाषेत राहू, जुळवून घ्यायची कटकट नको.

तर ते तसं झालं नाही. सोलापुरात एका चौकातून दुसऱ्या चौकात गेलात की कानावर पडणारी भाषा बदलते. मराठी आहेच, पण विजापूर आणि कलबुर्गी जवळ त्यामुळे कानडी घराघरात, पूर्व भागात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी विणकामासाठी आलेली पद्मशाली मंडळी त्यांची तेलुगू, आणि उर्दू म्हणजे दख्खनी वळणाची. एकच माणूस फोनवर तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी, शेजाऱ्याशी कानडी असं बोलतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मी मराठी असून पहिल्या आठवड्यात अर्धं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. शिवाय ते 'बे'. 'काय करायलाव बे?' असं म्हटलं की आमच्या कोकणी कानाला ते भांडणच वाटतं, इथे ते प्रेमाने म्हणतात.

आता खानावळ. जोडबसवण्णा चौकाच्या बाजूला एका बोळात आहे, पाटीवर फक्त घरगुती लिंगायत खानावळ एवढंच लिहिलंय, दुसरं नाव नाही. चालवतात त्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. एका वेळचं ताट 90 रुपये, मेंबर झालात तर दोन्ही वेळचे महिन्याला 3,200. ताटात ज्वारीची भाकरी (गरम हवी की कडक ते विचारतात), एक पातळ भाजी किंवा आमटी, एक सुकी, शेंगाचटणी, कच्चा कांदा, ताक, शेवटी भात. मंगळवेढ्याच्या बाजूची मालदांडी ज्वारी वापरतात, ती भाकरी इतकी पांढरी आणि गोड असते की मी, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली मुलगी, दुसऱ्या दिवशी भात न घेताच उठले.

शेंगाचटणीबद्दल थांबून लिहायलाच पाहिजे. पुण्यात पाकिटातून मिळते ती कोरडी भुकटी असते. अक्कांकडची उखळात कुटलेली, भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट, आणि शेंगदाण्याचं स्वतःचं तेल सुटेपर्यंत कुटायची, म्हणजे हातात घेतली की तिचा गोळा होतो. मिक्सरला हे होत नाही का तर पातं दाणे कापतं, आणि उखळात ते चेपले जातात म्हणून तेल बाहेर येतं, हे मला अक्कांनी करून दाखवलं. गंमत म्हणजे व्हिएतनाममधे पण लोक भातावर शेंगदाणे-तीळ कुटून त्यात मीठ घालून खातात, साधं गरिबाघरचं खाणं, तिथे ते बघून मला सोलापूर माहीतच नव्हतं म्हणून काही आठवलं नव्हतं, इथे उलटं झालं, पहिल्या घासाला दा नांग आठवलं.

कडक भाकरी चुरून आमटीत भिजवायची, वर कच्चं शेंगतेल. पहिल्या दिवशी मी ती पापडासारखी मोडून मोडून खात होते, शेजारी बसलेले एक आजोबा, गिरणीत आयुष्य गेलेले, ते बराच वेळ बघत राहिले आणि मग न विचारता माझ्या ताटातली भाकरी स्वतःच्या हाताने चुरून दिली. मी गप्प बसले. अनोळखी माणसाने ताटाला हात लावलेला मला अजिबात चालत नाही, चालत नव्हतं म्हणू. पण चव बदलली हे खरं.

खानावळीचे नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत, ते कळत जातात. सकाळी अकराच्या आत जेवण नाही कारण अक्कांची इष्टलिंगपूजा, म्हणजे लिंगायत गळ्यात घालतात त्या लिंगाची पूजा, झाल्याशिवाय त्या चुलीकडे वळत नाहीत. नमस्कारऐवजी 'शरणु' म्हटलं की त्यांना बरं वाटतं. ताट आपलं आपण उचलून मोरीपाशी ठेवायचं. वाढताना 'बास बास' म्हटलं तर ते कोणी ऐकत नाही, हात ताटावर धरला तर हाताच्या बाजूने वाढतात, 'साकु' म्हणायचं, कानडीत पुरे, मग थांबतात. हा शब्द मला अकराव्या दिवशी कळला आणि तोपर्यंत मी रोज एक भाकरी जास्त खात होते.

आणि सगळ्यात मोठा नियम, डबा मिळत नाही. इथे येऊन बसून जेवायचं. यावरून माझं अक्कांशी जवळजवळ वाजलं.

झालं असं की जर्मनीचे नऊ ते पाच म्हणजे थंडीत आपले दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. खानावळ रात्री साडेनऊला बंद. मी म्हटलं अक्का, मला पार्सल द्या, पैसे जास्त घ्या, माझे कॉल असतात. अक्का म्हणाल्या, 'आजारी पडलीस तर डबा पाठवते, कॉलसाठी नाही. जेवायला वेळ नसंल तर मेंबर कशाला झालीस?' मी रागात घरी गेले, दोन दिवस ऑनलाइन मागवून खाल्लं, तिसऱ्या दिवशी क्लायंटला मेल टाकला की रोज साडेआठ ते सव्वानऊ मी नसेन. त्यांचं उत्तर आलं, ठीक आहे. एवढंच! तीन वर्षांत हा मेल मी कधी टाकलाच नव्हता.

इथून पुढे मला जे कळलं ते सांगण्यासाठीच खरंतर हा रिव्ह्यू आहे. दा नांगमधे मी 90 दिवस होते, ई-व्हिसा तेवढ्याचाच असतो. तिथे आन थुओंग नावाचा भाग आहे समुद्राजवळ, परदेशी लोक सगळे तिकडेच राहतात, पावलापावलावर कॅफे, मेनू इंग्लिशमधे, ओट मिल्क मागा मिळतं, तिखट कमी करा म्हटलं की करतात. जर्मनीची वेळ धरली तर माझं काम दुपारी दोन-तीनला सुरू व्हायचं ते रात्री दहा-अकरापर्यंत. म्हणजे बघा, संध्याकाळी तिथली माणसं काम संपवून फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवतात, गप्पा मारतात, नेमकी ती वेळ मी हेडफोन लावून स्क्रीनसमोर. आणि माझी मोकळी वेळ सकाळ-दुपार, तर जेवून झाल्यावर दुपारी तिथे लोक झोपतात, दुकानात मालक खाट टाकून आडवा. अंग त्या गावात आणि घड्याळ दुसऱ्याच खंडात, मग ओळख व्हायची कोणाशी आणि कधी. मी मात्र म्हणत राहिले की इथले लोक जरा तुटक आहेत. तुटक मी होते.

तिथेही खानावळी आहेत, कम बिन्ह दान म्हणतात, साध्या माणसांचं जेवण असा अर्थ, काचेमागे दहा-पंधरा पदार्थ मांडलेले, बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. माझ्या घराखालीच होती. मी तिथे गेले शेवटच्या तीन आठवड्यांत. तिथली बाई रोज मला विचारायची 'आन कम चुआ', म्हणजे भात खाल्लास का, आणि मी सुरुवातीला खरंखुरं उत्तर द्यायचे की हो खाल्ला किंवा नाही अजून, मग तिचा चेहरा गोंधळायचा. ते आपलं 'काय, कसं काय' सारखं असतं. थायलंडमधेही तसंच विचारतात, भात झाला का. आणि इथे खानावळीच्या दारात पाऊल टाकलं की एक जण 'ऊटा आतेन्री?', दुसरी, टॉवेलच्या कारखान्यात काम करणारी तेलुगू ताई, 'तिन्नावा?', आणि आजोबा 'जेवलाव का?', आता जेवायलाच तर आलेय ना मी, पण आता मला उत्तर द्यायला येतं, तोच प्रश्न उलट विचारायचा.

वयाचंही तसंच. व्हिएतनामी लोक भेटल्या भेटल्या वय विचारतात, मला ते खटकायचं, नंतर कळलं की त्यांच्या भाषेत 'तू', 'मी' असे सुटे शब्द फारसे वापरतच नाहीत, समोरचा धाकटा भाऊ का मोठी बहीण का काका हे ठरल्याशिवाय वाक्यच पुढे जात नाही. सोलापुरात अक्कांनी पहिल्याच दिवशी वय, गाव, लग्न, घरी कोण कोण सगळं विचारलं, मी आक्रसले, पण दुसऱ्या दिवशीपासून वाढणारी मुलं मला 'ताई' म्हणायला लागली आणि आजोबा 'पोरी'. जागा ठरली माझी. मी चिपळूणला राहिले असते तर मला हे कधी दिसलंच नसतं, आपणही तेच करतो की.

मधे एक कोलिव्हिंगचा, म्हणजे लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी एकत्र भाड्याने राहायच्या जागेचा, अनुभव पण घेतलाय, नाव लिहित नाही, दुसऱ्या एका शहरात, जाहिरातीत होतं की स्थानिक संस्कृतीशी जोडून देऊ. दर गुरुवारी 'लोकल डिनर', त्याचे वेगळे पैसे, आणि टेबलावर आम्ही बारा जण सगळे लॅपटॉपवाले, स्थानिक म्हणून एक स्वयंपाकी जो आत होता. महिन्याला खानावळीच्या आठपट पैसे गेले. कॅफे काय किंवा अशा जागा काय, ते आपल्यासाठी बदलतात, वेळ, तिखट, भाषा सगळं, आपण आहोत तसेच राहतो. खानावळ बदलत नाही. रोज जावं लागतं, त्याच वेळेला, जे शिजलंय ते, जो शेजारी येईल त्याच्या मांडीला मांडी लावून. महिन्याभरात आपलं काहीतरी हलतंच.

वेळ अमावस्या म्हणून शेतात जाऊन करायचा सण असतो, इथे येळवस म्हणतात, डिसेंबरच्या शेवटी होती, खानावळ बंद. मी आदल्या दिवशी विचारलं मग उद्या जेवण? अक्का म्हणाल्या शेतात चल. अक्कलकोट रस्त्याला त्यांच्या भावाचं शेत, कडब्याची खोप केलेली, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा, आणि मग जेवण म्हणजे काय सांगू, हिरव्या भाज्या-शेंगा-दाणे सगळं एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबट अंबील, बाजरीचे उंडे. कानडीतून काहीतरी म्हणत शेतात अंबील शिंपडत फिरतात, मी पण मागे मागे. वीस-पंचवीस माणसं होती, कोणी मला विचारलं नाही तू कोण. विचारलं ते एवढंच की अजून वाढू का, आणि मी 'साकु' म्हटल्यावर सगळे हसले.

मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा, सिद्धेश्वरांची. सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर, त्यांनी शहरात 68 लिंगं स्थापन केली, त्या 68 लिंगांना नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, घेऊन प्रदक्षिणा घालतात. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर देवळापाशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं प्रतीकात्मक लग्न. पांढरी बाराबंदी घातलेली हजारो माणसं, भलेमोठे उंच नंदीध्वज एकेका माणसाने पेललेले, आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं की चहूबाजूंनी अक्षता. गिरणीतले आजोबा मला बरोबर घेऊन गेले होते, त्या वयात गर्दीत उभे, बाराबंदी घालून. खानावळीत मी फक्त जेवत राहिले असते तर मला ही जत्रा रस्ता बंद म्हणून आठवली असती.

एका रविवारी डॉ. कोटणीसांचं स्मारक बघून आले, भैय्या चौकाजवळ, त्यांचं घरच ते. सोलापुरात येऊन हे बघत नसाल तर बघा. 1910 साली इथे जन्मलेला माणूस, 1938 मधे काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेला, बाकीचे परत आले हा राहिला, चिनी भाषा शिकला, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन दोन्ही एका शब्दात येतील असं ठेवलं, आणि 1942 मधे 32 व्या वर्षी तिकडेच वारला. मी तिथे बराच वेळ थांबले होते. भाषा शिकायला माझ्याकडे ॲप होतं, नेट होतं, आणि दा नांगमधे 90 दिवसांत मी चाळीस शब्दही शिकले नाही, कारण गरजच पडू दिली नाही. त्या रात्री खानावळीत मी आजोबांना म्हटलं रोज पाच कानडी शब्द सांगा. निघेपर्यंत सांगत होते.

आता त्रुटी. जागा लहान, पंखा एकच आणि तो अक्कांच्या पोळपाटाकडे वळवलेला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा दुपारी घाम निघतो. काळं तिखट जोरात असतं, माझे पहिले दहा दिवस पोटाला जड गेले, ताक दोन वाट्या घ्यायची सवय लावा. दहामधे नऊ गिऱ्हाईक पुरुष, एकट्या मुलीला पहिल्या दिवशी सगळे बघतात, वाईट नजर नाही पण बघतात, तेलुगू ताईने आपल्या शेजारी बसायला बोलावलं म्हणून मला सोपं गेलं, तिने मला जो शब्द वापरून 'या' म्हटलं तो मराठी कानाला शिवी वाटतो आणि माझा चेहरा पडला होता, तेलुगूत तो अगदी मानाचा शब्द आहे, तुम्हाला कोणी म्हटलं तर दुखावून घेऊ नका. मासे-मटण अर्थातच नाही, माझ्या सामानात सुकट होतं, घरमालकही लिंगायत, मी आधी विचारलं, ते म्हणाले घरात नको, मी मैत्रिणीकडे नेऊन ठेवलं. वाईट वाटलं का, हो वाटलं, साडेतीन महिने म्हणजे आमच्यासाठी खूप. पण त्यांच्या घरात त्यांचं ऐकायचं हे मला पटतं.

अर्धा स्टार मात्र या कशासाठीच नाही, पाण्यासाठी कापलाय. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसांआड पाणी, खानावळीतही साठवणीचंच, पिण्याचं पाणी फिल्टरचं ठेवत नव्हते, मी सांगून पाहिलं, जानेवारीत जारचं सुरू केलं पण जार संपला की परत तेच. नव्याने जाणाऱ्याने आपली बाटली न्यावी.

कामाचं विचाराल तर फायबर नेट व्यवस्थित, वीज अधूनमधून जाते, राउटरला छोटा यूपीएस लावला की भागतं. लॅपटॉप घेऊन बसायला कॅफे सात रस्त्याच्या बाजूला आहेत. खानावळीत लॅपटॉप काढायचा विचार करू नका, फोन डाव्या हाताने चाळत जेवलात तरी अक्का काही बोलत नाहीत, फक्त वाढायच्या थांबतात.

निघायच्या दिवशी हिशोब केला. खाडे सहा होते, खाडा म्हणजे आदल्या रात्री सांगून चुकवलेला दिवस, त्याचे पैसे वजा करतात. अक्कांनी वही काढून सहाही तारखा वाचून दाखवल्या, ते दोन ऑनलाइन मागवून खाल्लेले दिवस मात्र धरले नाहीत, 'ते तू सांगून नव्हतीस गेली'. बरोबर आहे त्यांचं. वर वीस कडक भाकऱ्या बांधून दिल्या, ज्वारीच्या आणि बाजरीच्या, त्याचे पैसे घेतले नाहीत, नीट बांधून ठेवल्या तर दोन महिने सहज टिकतात.

वेळ सकाळी 11 ते 3 आणि रात्री 7 ते 9:30. यूपीआय चालतं. येळवस आणि भोगीला बंद. मेंबर व्हायचं तर 1 तारखेच्या आसपास जा, महिन्याच्या मधे नवीन माणूस घेत नाहीत, आणि डबा मागू नका.